गोजराबाई पुढच्या दारानं आली

सकाळी साडेनऊला तनुजाच्या दारात जी गर्दी व्हायची, ती पाहून नव्या माणसाला वाटावं, इथं काही फुकट वाटतात की काय. शाळेतल्या बाई, दवाखान्यातली नर्स, बँकेतल्या मॅडम, सगळ्या एका हातात डबा आणि दुसऱ्या हातात लेकरू घेऊन यायच्या आणि लेकरू तनुजाच्या कडेवर देऊन पळायच्या. वाशिमच्या त्या कॉलनीत पाळणाघर म्हटलं की तनुजाचंच. मेडशीच्या शेतकऱ्याची ही लेक, बी.ए. होऊन लग्नानंतर इथं आलेली. सहा वर्षांपूर्वी तिनं शेजारच्या शिक्षिकेचं तान्हं बाळ सांभाळायला घेतलं, तेव्हा सासरच्या भावकीनं नाकं मुरडली होती. पोरं सांभाळणं हा काय धंदा झाला? झाला, बाबांनो. चांगला झाला.

तिचा एक नियम होता आणि तिचं सारं नाव त्या नियमावर उभं होतं. संध्याकाळी आई न्यायला आली की दारात सगळं खरं सांगायचं. गुडघा फुटला, खडू खाल्ला, दुसऱ्याला चावलं, काही म्हणजे काही लपवायचं नाही. एखादी आई चिडायची, पण दुसऱ्या दिवशी लेकरू घेऊन हजर व्हायची.

दिवाळीनंतर नर्सबाईंची जुळी आली आणि लेकरं आठ झाली. तनुजाच्या नाकी नऊ आले. एकाला धुवावं तर दुसरा खिडकीवर चढलेला, त्याला उतरवावं तर जुळ्यांनी भाताचं पातेलं डोक्यावर घेतलेलं. तिचा नवरा दिनेश पाइपच्या दुकानातून दुपारी जेवायला यायचा. एक दिवस तो हातात ताट घेऊन उभ्या उभ्याच जेवला, कारण बसायला जागा नव्हती.

"कोनी मदतीले पाह्य वो," तो म्हणाला. "नाई तं तुलेच पाळण्यात घाला लागीन."

तनुजानं मोबाइलवरच्या ग्रुपात टाकलं: अर्धवेळ मदतनीस पाहिजे, साडेअकरा ते पावणेपाच, बारावी पास. त्यातलं बारावी पास हे राधिका मॅडमचं. मॅडम बँकेत अधिकारी, नाशिकहून बदलून आलेल्या, आणि त्यांची चार वर्षांची वैभवी इथं यायची. बँकेतली आणखी दोन लेकरं त्यांच्याच शब्दावर आलेली, म्हणजे आठातली तीन त्यांच्या मुठीत.

"शिकलेलीच बाई ठेवा हं," त्यांनी बजावलं होतं. "आमच्या वैभवीची भाषा बिघडायला नको."

शिकलेल्या आल्या. रंजीता नावाच्या मुलीनं पहिल्याच तासात मोबाइल लावून आठही लेकरं त्याच्यापुढं बसवली आणि स्वतः दुसरा मोबाइल घेऊन बसली. तिला तनुजानं त्याच दिवशी हात जोडले. दुसरीची दोन दिवसांत कंबर दुखायला लागली. तिसरीनं विचारलं, "यांची शी पण आपणच धुवायची का?" आणि उत्तर ऐकायलाही थांबली नाही.

चौथी आली ती न बोलावता. गोजराबाई. साठीची बाई, नऊवारी, डोक्यावर टोपली. कॉलनीमागच्या मळ्यात तिचं घर. पहाटे तोडलेली मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर ती दारोदार विकायची आणि अकराला मोकळी व्हायची. तनुजाची त्रेधा ती महिनाभर कंपाउंडवरून पाहत होती.

"मले ठेव," ती म्हणाली.

"मावशी, तुमी?"

"काहून? चार पोरं वाढोली, सात नातवंडं वाढोली. शाया नाई शिकली मी, पन आमी टरबूज कापून दाखोतो, मंग इकतो. मले बी चार दिवस कापून पाह्य. गोड नाई निंगाली तं वापस."

चार दिवसांत तनुजाला जेवण गिळण्याऐवजी चावता येऊ लागलं. गोजराबाईनं येताना तुरीच्या शेंगा आणायच्या, लेकरांना गोल बसवायचं आणि सोलायला लावायचं. सोलता सोलता दाणे पोटात जायचे, जुळी तर वाटीसाठी भांडायची. मग एकेकाच्या पाठीवर हात फिरवत ती असं काही पुटपुटायची की दोन वाजता घरात चिडीचूप. पहिल्या दिवशी ती शांतता ऐकून तनुजाच घाबरली आणि आठही नाकांपुढं बोट धरून आली.

पण तनुजानं एक गोष्ट वाईट केली, आणि ती झाकून ठेवण्यात अर्थ नाही. पावणेपाच झाले की ती म्हणायची, "मावशी, मागच्या दारानं जा बरं, तिकून जवय पडते." तिकडून मुळीच जवळ पडत नव्हतं. चाळीस वर्षं लोकांच्या दारात भाजी विकलेल्या बाईला कोणतं दार कोणासाठी असतं ते कळत नाही थोडंच. गोजराबाई टोपली उचलायची आणि मुकाट्यानं मागून जायची. राधिका मॅडमनी विचारलं, की तनुजा सांगायची, "पाहणं चालू आहे." लेकरं घरी जाऊन भाजीवाल्या आजीच्या गोष्टी सांगायची, तर आयांना वाटायचं, हा पाळणाघरातला एखादा खेळ असावा. त्या दारातलं ते पहिलं खोटं, आणि ते महिनाभर चाललं.

एका दुपारी गोजराबाईनं लेकरांची आंधळी कोशिंबीर लावली. वैभवीचे डोळे बांधले. वैभवी म्हणजे सगळ्यांच्या मते हट्टी पोर. दहा हाका मारा, मनात आलं तर वळणार. गोजराबाईनं उजवीकडून टाळी वाजवली, पोरगी डावीकडं धावली. पुन्हा उजवीकडून, पुन्हा डावीकडं. लेकरं खो खो हसली. गोजराबाई मात्र हसायची थांबली.

"तनुजा, इकडं ये माय. हे पोरगी हट्टी नाई. तिले उजव्या कानानं आयकू नाई येत."

तनुजानं वाटी-चमचा आणला, कधी या बाजूनं वाजवला, कधी त्या. पाच वेळा तेच झालं. मग तिला आठवलं, वैभवी डाव्या कुशीवर झोपली की कितीही हाका मारा, उठत नाही.

"माया भावाचं असंच होतं," गोजराबाई म्हणाली. "जानरावचं. आयकत नाई म्हनून गुरुजीनं झोडला, बापानं झोडला. कान कोनी पाह्यलाच नाई." तिनं पदरानं डोळे पुसले. "आज सांग तिच्या मायले. पन तुयं नाव घे. माया नावानं कायले झगडा?"

पाच वाजायला पंधरा मिनिटं होती. स्वतःचं नाव घेतलं तर वाहवा पक्की. गोजराबाईचं घेतलं तर तीन लेकरं जाणार, आणि बँकेतल्या मॅडमनं लेकरू काढलं हे कळलं की बाकीच्यांनाही पाय फुटणार. सहा वर्षांचं सारं त्या पंधरा मिनिटांत अडकलं. तनुजानं घाम पुसला आणि दारात जाऊन उभी राहिली.

तिनं सगळं सांगितलं. कान, टाळी, वाटी-चमचा, आणि ओळखलं ते गोजराबाईनं, जी महिनाभर इथं काम करते आणि भाजी विकते.

राधिका मॅडमचा चेहरा लाल झाला. "भाजीवाली माझ्या मुलीला बहिरी ठरवणार? आणि तुम्ही मला महिनाभर खोटं सांगितलंत?"

तनुजानं दुसऱ्या प्रश्नाला आधी उत्तर दिलं. "चुकलं माझं," ती म्हणाली. "पण कान दाखवा, मॅडम. एवढं करा."

दुसऱ्या दिवशी तीन लेकरं आली नाहीत. नुसत्या पाच जणांत घर कसंसंच वाटायला लागलं. अकराच्या सुमाराला गोजराबाई आली तीच मुळी जायच्या तयारीनं. टोपली खाली ठेवेना.

"मी चालली माय. मायापायी तुयं घर कायले बसावं?"

तनुजानं मोबाइल काढला आणि ग्रुपात लिहिलं: आपल्या पाळणाघरात गोजराबाई मदतीला आहेत. त्या भाजी विकतात, शाळा शिकलेल्या नाहीत, आणि माझ्यापेक्षा चांगलं लेकरू ओळखतात. ज्यांना पटत नसेल त्यांनी मोकळेपणानं सांगावं. पाठवलं आणि मोबाइल पिठाच्या डब्यात टाकून झाकण लावलं. संध्याकाळी डबा उघडला तेव्हा नर्सबाईंचा निरोप होता: माझी जुळी आता घरी पण तुरीच्या शेंगा मागतात, त्यांना काढू नका.

सहाव्या दिवशी पावणेपाचलाच फाटक वाजलं. राधिका मॅडम, बोटाला वैभवी. आत गोजराबाईनं आवाज ओळखला आणि टोपली घेऊन सवयीनं मागच्या दाराकडं वळली. तनुजा तिच्या आधी तिथं पोचली आणि तिनं कडी लावली.

"मावशी, पुढून."

गोजराबाई पदर सावरत पुढच्या दारात आली. राधिका मॅडम पायरीवर उभ्या होत्या.

"अकोल्याला नेलं होतं," त्या कशाबशा म्हणाल्या. "उजव्या कानात पडद्यामागं पाणी साचलंय. डॉक्टर म्हणाले, औषधानं बरं होईल, वेळेवर आणलंत. विचारत होते, ओळखलं कोणी." "मी तिला ऐकत नाही म्हणून मारलं हो, आजी. दोनदा मारलं."

"तुमाले कुठं मालूम होतं, बाई," गोजराबाई म्हणाली. "आता झालं ना. उद्यापासून धाडा तिले. बँकेतल्या त्या दोघायले बी धाडा."

मॅडमनी मान डोलावली. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. वैभवीनं आधी आजीकडं पाहिलं, मग आईकडं, आणि आईचा हात ओढून खणखणीत आवाजात विचारलं, "आई वो, काहून रडून राह्यली तू?"

भाषा बिघडायला नको, हे मॅडमचे बोल तनुजाला आठवले. राधिका मॅडम खाली बसल्या, लेकीच्या डाव्या कानाशी तोंड नेलं आणि म्हणाल्या, "काई नाई वो माय. काई नाई."