गराजवरची खोली

कॅनडात, ग्वेल्फमधल्या आमच्या घरी हीटिंगचा थर्मोस्टॅट वीस अंशांवर ठेवायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही, हा नवऱ्याचा नियम. घराच्या मॉर्गेजचा हप्ता वाढला त्या हिवाळ्यात तो लागू झाला. नवऱ्याने खिडक्यांवर पातळ प्लॅस्टिक चिकटवून ते हेअर ड्रायरने ताणून बसवलं. दारांखालच्या फटींत जुन्या टॉवेलांच्या गुंडाळ्या खोचल्या. बेसमेंटचं दार बंद झालं.

त्याच हिवाळ्यात माझे आईबाबा नागपूरहून राहायला आले. मी एकुलती एक. बाबांना दमा, आईचे गुडघे गेलेले. तिकडून अवेळी फोन आला की धस्स व्हायचं, त्याचा मला कंटाळा आला होता. त्यांनी इथे एक पूर्ण हिवाळा काढावा, एवढंच मला हवं होतं. एक निभला की पुढचेही निभतील, असं वाटत होतं.

त्यांना दिलेली खोली गराजच्या वर आहे. घरातली सगळ्यात मोठी, स्वतःची वॉशरूम असलेली. खालचं गराज गरम होत नाही, त्यामुळे तीच सगळ्यात थंड. इतकी वर्षं तिथे कुणी झोपलं नव्हतं, म्हणून हे आम्हाला कळलं नव्हतं.

डिसेंबरात बाबांचा खोकला सुरू झाला. ते जेवायला जाकीट घालून बसू लागले.

"काहून हो, थंडी वाजते का?" आईने विचारलं.

"नाही. सवय करतोय."

"आबा, जस्ट वेअर अ हूडी," माझी मुलगी म्हणाली.

"जाकिटावर हूडी घालू का हूडीवर जाकीट, ते सांग आधी."

जावयासमोर ते एवढंच बोलायचे. मुलीच्या घरी राहणं त्यांना आधीच जड जात होतं. त्यात हीटिंग वाढवा म्हणणं त्यांच्याकडून झालंच नसतं. नवरा ऑफिसला गेला की मला विचारायचे, "जावईबापू आकडा कमी करून जातात का गं?" मी संध्याकाळी नवऱ्याला विचारलं की तो मला थर्मोस्टॅटसमोर उभा करायचा. "वीसवर ठेवलाय आणि एकवीस दाखवतोय. आणखी काय करू?" दोघांचंही खरं होतं. प्रत्येक गोष्ट मला दोनदा सांगावी लागत होती, एकदा बाबांना आणि एकदा नवऱ्याला. घर गरम करणारी गॅसची फर्नेस तपासायला माणूस आला. फर्नेस ठीक आहे म्हणाला. गॅसचं बिल चक्क कमी आलं. नवऱ्याने त्याचं श्रेय प्लॅस्टिकला दिलं.

आईने देव्हारा हॉलवेतल्या कपाटावर मांडला होता. तिच्या मनासारखी दिशा साधणारी ती एकच भिंत होती. सुरुवातीला ती सकाळ-संध्याकाळ दिवा लावायची. खोकला वाढला तशी तिने जाड वात घालून तो दिवसभर तेवत ठेवायला सुरुवात केली. "यांची छाती मोकळी होईपर्यंत," म्हणाली.

जानेवारीत बाबा म्हणाले, "तिकीट काढ. मी इथे आजारी पडलो तर तुमचीच पंचाईत."

मी त्यांना थोडं थांबायला सांगितलं.

त्यानंतर एका दुपारी मी डायनिंग टेबलावर लॅपटॉप घेऊन काम करत होते. आई खोलीत आडवी झाली होती. तेल संपून दिवा विझला. थोड्या वेळाने फर्नेस सुरू झाली आणि बंद होईना. उठून पाहिलं तर थर्मोस्टॅट सतरा दाखवत होता. कुणीच त्याला हात लावला नव्हता. आवाजाने आई उठली, दिवा विझलेला पाहून हळहळली, तेल घालून तिने तो पुन्हा लावला. मी तिथेच उभी राहिले. आकडा चढत एकवीसवर गेला आणि फर्नेस थांबली. थर्मोस्टॅट देव्हाऱ्याच्या बरोबर वर होता. दिव्याची ऊब त्याला लागत होती आणि सगळं घर गरम आहे असं तो धरून चालला होता.

संध्याकाळी जेवताना मी हे सांगितलं. आईचा हात ताटात थांबला.

"म्हणजे यांच्यासाठी लावला तो दिवा..."

"देव ऊबदार होते," बाबा म्हणाले. "एकाची तरी सोय झाली."

"तुम्हाला थट्टाच सुचते. मी रोज हात जोडत होते."

"मग? ऊब दिली की त्यांनी, फक्त आपल्या खोलीऐवजी थर्मोस्टॅटला."

नवरा हसला नाही. कमी आलेल्या बिलाचं कारण त्यालाही कळलं होतं.

दुसऱ्या दिवशी देव्हारा डायनिंगच्या शेल्फवर गेला. दिशा चुकली. आईने ते चालवून घेतलं. खोली गरम राहू लागली. बाबांचा खोकला उतरला, जाकीट खुंटीला गेलं. मला वाटलं, संपलं.

पण आता फर्नेस सारखी लागायची. ती लागली की बाबा बोलता बोलता थांबायचे आणि जावयाकडे पाहायचे. त्यांच्या खोलीतली, गरम हवा येते ती जमिनीवरची जाळी मला दोनदा बंद केलेली सापडली.

"मला पुरे होतं तेवढं," ते म्हणाले.

पुढचं बिल आलं तेव्हा ते त्यांच्या नजरेस पडू नये म्हणून मी बाजूला ठेवलं. किती आलं ते त्यांनी नातीला विचारलं. तिने शोधून सांगितलं, "इट्स अ लॉट, आबा."

त्या रात्री जेवताना बाबांनी तिकिटाचा विषय पुन्हा काढला. मी काही बोलायच्या आत नवरा म्हणाला, "बाबा, आता तब्येत बरी आहे तुमची. राहा. हीटिंगचं मी बघतो."

"तेच तर. ते तुम्हाला बघावं लागतं," बाबा म्हणाले.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी भाताचं भांडं पुढे सरकवलं. आईने विचारलं की दोन बॅगांत सगळं मावेल का. मी म्हटलं, मावेल. जेवण झाल्यावर मी लॅपटॉप उघडला आणि दोघांचं परतीचं तिकीट काढलं.