बिसरामचं नाक आणि चायनीज रोहू

बोदलकसा तलावाकाठच्या गावात बिसरामच्या नाकाचा भारी धाक होता. माणूस तसा किरकोळ, पण नाक सगळ्या तालुक्याचं. मासा दारात आला की तो डोळे मिटायचा, एक श्वास घ्यायचा आणि निकाल द्यायचा. "हा कालचा आहे." "हा तलावाचा नोहे, शेतातल्या बोडीतला आहे. गाळाचा वास येऊन राहिला." विकणारा मुकाट टोपली उचलायचा. मच्छीमार संस्थेच्या वार्षिक जेवणाचा रस्सा बावीस वर्षं त्याच्याच हातचा. घरात वच्छलेचे हाल तर विचारूच नका. बाहेर ओट्यावर जाळं दुरुस्त करत बसलेला हा नवरा आतल्या फोडणीवर ओरडायचा, "वच्छला, लसूण करपला!" पस्तीस वर्षं बिचारीनं ऐकून घेतलं. कारण वाईट हेच होतं, की लसूण दर वेळी खरंच करपलेला असायचा.

मग मोठ्या तापाच्या साली ते नाक गेलं. म्हणजे जागेवर होतं, दिसायला होतं तसंच, कामातून गेलं. ताप उतरला, खारट-तिखट-आंबट जिभेला पुन्हा कळू लागलं, पण वास शून्य. पहिल्यांदा घरभर दरवळणाऱ्या चिन्नोर तांदळाचा भात शिजला तेव्हा बिसरामनं वच्छलेलाच झापलं, "दुकानदारानं फसवलं तुले. हा चिन्नोर नोहे." दुपारी ती तळ्यावर गेल्यावर त्यानं तांदळाच्या पोत्यात तोंड खुपसलं. बराच वेळ खुपसून ठेवलं. मग त्याच पोत्यावर बसून तो लहान पोरासारखा रडला.

डॉक्टरला दाखवायचं? छट्! तिरोड्याच्या दवाखान्यात गेलं की गावभर होणार. म्हणून यानं कोणालाच सांगितलं नाही, आणि वच्छलेला तर मुळीच नाही. पस्तीस वर्षं जिला नाकाच्या जोरावर नाचवलं, तिला कोणत्या तोंडानं सांगणार? मासा पारखायला तो आता कल्ले उघडून बघायचा, डोळा दाबायचा, आणि सगळ्यात जास्त म्हणजे विकणाऱ्याचं तोंड बघायचा. खोटारड्याचा चेहरा माशाच्या आधी नासतो, हे त्याला नव्यानंच कळलं. घरात चार दिवसांतून एकदा अंदाजानं "लसूण करपला!" ओरडायचं. वच्छला घाबरून गॅस बारीक करायची. अशी चार वर्षं निघाली.

पाचव्या वर्षी पंचाईत झाली. त्याची मुलगी चेतना तिरोड्यातून ऑर्डरी घेऊन घरी केक करायची. तिनं आणि गोंदियाच्या गुलशननं एकमेकांना पसंत केलं होतं. गुलशनचे वडील हिरालाल म्हणजे गोंदियाच्या मासळी बाजारातला बिसरामच समजा. त्यांना येताना पाहिलं की मासेवाले शिळी टोपली मागं सरकवतात, अशी ख्याती. त्यांचा फोन आला.

"बिसरामभाऊ, पोरगी आमाले एकदम पसंत आहे. तुमच्या हातचा मासा खायचा अन् तारीख काढायची, बस! बहुत नाव ऐकून आहो तुमचं."

बिसरामला दरदरून घाम फुटला. रस्सा तो मापानं कधी करतच नव्हता. खोबरं किती भाजायचं, मसाला कधी उतरवायचा, सगळं नाक सांगायचं. मागच्या वर्षी संस्थेच्या जेवणात मसाला कच्चा राहिला होता आणि मंडळी मान खाली घालून "यंदा जरा अलग लागला" म्हणाली होती. गाववाले ओळखीचे, सांभाळून घेतात. हिरालाल पहिल्या घासाला पकडणार. मुलीच्या सोयरिकीत, होणाऱ्या इवायासमोर, म्हणजे व्याह्यासमोर, आपलं उभ्या तालुक्यात गाजलेलं नाक कापलं जाणार!

दोन रात्री झोप नाही. तिसऱ्या दिवशी चेतना मोबाईलवर काहीतरी बघत होती. एक चिनी आचारी अख्ख्या माशाला चिरा पाडून, वर आलं अन् काळा सॉस चोपडून तो ओव्हनमध्ये ढकलत होता. बिसरामनं तो व्हिडिओ तीनदा लावायला सांगितला.

"हाच करू."

"बाबा! सोया सॉसची बाटली पाहून तुमी नाक मुरडता अन् आता चायनीज?"

"माणसानं शिकत राहावं," बिसराम गंभीरपणे म्हणाला.

शिकतो कसला! चीनमधला भाजलेला मासा कसा लागायला पाहिजे, हे तिरोड्यापासून गोंदियापर्यंत कोणाच्या बापाला माहीत होतं? चुकला तरी तो चायनीजच. कोण कशाच्या आधारावर नाव ठेवणार? अशी युक्ती आपल्याला याआधी का सुचली नाही, म्हणून बिसराम स्वतःवरच खूश झाला.

दिवस उजाडला. बिसरामनं जाळ्यातून स्वतः काढलेला दोन किलोचा रोहू, चायनीजच्या गाडीवाल्याकडून आणलेला सॉस, आलं, पातीचे कांदे. ओव्हन केकचा, त्याला माशाची लांबी कुठून माहीत असणार? शेपूट बाहेर राहू लागली. कापू म्हटलं तर चेतना ओरडली, "अख्खाच पाहिजे!" शेवटी तिरपा घालून, शेपूट मुडपून, बापलेकीनं दार दाबून लावलं. पंचवीस मिनिटांनी घंटी वाजली. झालं म्हणे! नाकाचं काम घंटीनं केलेलं बिसराम जन्मात पहिल्यांदा पाहत होता, आणि हे यंत्र त्याला फारच आवडलं.

"बाबा, मी साडी नेसून येते. दोन चमचे तिळाचं तेल कडक तापवा अन् वरच्या कांद्यावर ओता. चर्रर्र वाजलं पाहिजे."

तिनं आणलेली नवी बाटली केकच्या डब्यांमागं होती. ती काही याला सापडली नाही. पण तिळाचं तेल वच्छलेच्या खाटेखाली असतं, एवढं त्याला पक्कं माहीत होतं. रोज गुडघ्यांना चोळायची ती. गुडघे तिला धरले दोन वर्षांपूर्वी, म्हणजे याचं नाक गेल्यानंतर. त्या तेलात कापूर विरघळवलेला असतो, हे घरातल्या मांजरालासुद्धा ठाऊक होतं. मांजराला नाक होतं.

फोडणीच्या कढल्यात तेल तापलं, चर्रर्र वाजलं. वच्छला पदर नाकाला लावून धावत आली. तिनं कढलं बघितलं, मासा बघितला, बाटली बघितली.

"काय घमघमाट सुटला, नाही?" बिसराम हसून म्हणाला.

तिनं खिडकी सताड उघडली. तेवढ्यात दारात गाडी थांबली.

गुलशन आत पाय टाकताच म्हणाला, "आज घरी पूजा आहे का?"

"हो, आताच आरती झाली," वच्छला पटकन बोलली.

बिसराम चक्रावला. बुधवारच्या भर दुपारी कसली आरती? पण मागून हिरालालजी छातीभर श्वास ओढत आले. "वा! अदरक अन् तिळाचं तेल! फाटकापासून वास येऊन राहिला, बिसरामभाऊ!" बिसरामचा जीव भांड्यात पडला.

जेवायला बसल्यावर मात्र त्यानं सवयीप्रमाणे सगळ्यांची तोंडं बघितली. चेतना घास तोंडात धरून बसली होती. गुलशन पाण्यावर पाणी पीत होता. वच्छलेनं नुसता भात कालवला होता. एकटे हिरालालजी काटे काढत, बोटं चाटत, "बढिया! एकदम बढिया!" करत अर्ध्याहून जास्त मासा संपवत होते. काहीतरी चुकलं होतं. पाणी आणायच्या निमित्तानं बिसराम स्वयंपाकघरात गेला आणि उघड्या बाटलीच्या तळाशी न विरघळलेली कापराची वडी त्याला दिसली. आरती कसली ते आता कळलं. आणि दुसरंही कळलं. कापराचा मासा जो मिटक्या मारत खातो, त्याचं नाक कसलं आलंय!

हात धुवायला दोघे मागच्या अंगणात आले. हिरालालजींनी इकडंतिकडं पाहिलं.

"बिसरामभाऊ, आता आपण इवाई होऊन राहिलो. तुमच्यासारख्या नाकापुढं माझं नाटक किती दिवस चालन?"

"कायचं नाटक जी?"

"मले वास येत नाही. मोठ्या तापापासून. घरी कोणालेच सांगितलं नाही. बाजारात मासेवाले अजून भितात, मीबी भेव दाखवतो. अदरक अन् तिळाचं तेल तर पोरानं गाडीतच सांगून ठेवलं होतं. आज तुमचा मासा मले नुसता खारट लागला. अन् गरम."

चार वर्षं बिसराम या दुखण्यात एकटा होता, आणि जगात असा दुसरा निघाला तो त्याच्याच अंगणात, ओल्या हातांनी उभा. 'मलेबी' एवढा एकच शब्द. तो ओठांपर्यंत आलासुद्धा.

"सांगा ना," हिरालालजी म्हणाले, "कसा होता वास? तुमच्याइतकं कोण सांगन?"

केवढ्या आशेनं बघत होता तो माणूस! बिसरामनं शब्द गिळला. दया म्हणून गिळला की ऐट म्हणून, हे त्याचं त्यालाच कळलं नाही. बहुतेक ऐटच.

"ऐका," तो म्हणाला. "पयले आलं. नाकाच्या शेंड्याले टोचते तसं. मंग पातीचा कांदा, शेतातून उपटल्यावर हाताले राहते तो वास. त्याच्या खाली तीळ. संक्रांतीले माय तीळ भाजे अन् आम्ही चुलीपासून हलत नोहतो, तो. अन् सगळ्याच्या खाली मासा, बोदलकश्याचा. पहाटे जाळं वर ओढलं की पाणी अंगावर येते, थंडगार, अन् त्यात तो असते."

हिरालालजी डोळे मिटून ऐकत होते. डोळ्यांतून पाणी ओघळून मिशीत आलं. बिसरामनंही डोळे मिटले. बोलता बोलता वाटलं, आत्ता येईल, आत्ता येईल. त्यानं खोल श्वास घेतला. काहीच आलं नाही.

मागं वच्छला टॉवेल घेऊन उभी होती. कधीपासून, देव जाणे. तिला सगळं कळलं होतं, कढल्यातलंही आणि आत्ताचंही. आता ती एक शब्द बोलली असती तरी खेळ खलास.

"वहिनी," हिरालालजींनी डोळे पुसत विचारलं, "असाच होता ना वास?"

वच्छलेनं नवऱ्याकडं बघितलं.

"हो जी, अगदी असाच," ती म्हणाली. "यायच्या नाकाले कोणी खोटं पाडल्याचं मी अजून पायलं नाही."

आणि टॉवेल पाहुण्याला द्यायचा सोडून तिनं नवऱ्याच्या हातात दिला.