वहिनीचं पुस्तक

ठकी हे काही तिचं खरं नाव नव्हतं. लहानपणी ती गोल चेहऱ्याची, लाकडी बाहुलीसारखी दिसायची म्हणून थोरल्या भावानं ते ठेवलं आणि पन्नाशी उलटली तरी ते तिला चिकटूनच राहिलं. पडद्यांच्या दुकानात ती माप घ्यायची, कापायची, शिवायची. गिऱ्हाइकाच्या घरी शिरली की माणसांआधी खिडक्यांकडे बघायची. लग्न झालं नव्हतं. भावाच्या घरातली मागची खोली तिची होती.

वहिनीशी तिचं मेतकूट असं होतं की शेजाऱ्यांना त्या सख्ख्या बहिणी वाटत. दोघींना प्रेमकथांचं वेड. ठकी काठ दुमडत बसायची आणि वहिनी मोठ्यानं वाचायची. नायिका उगीच रुसली की ठकी सुई थांबवून म्हणायची, "हिला दोन दिवस आमच्या दुकानात बसवा, रुसायला वेळ मिळणार नाही." वहिनी हसून हसून पान हरवायची.

दरवर्षी प्रेमकथा लिहिणाऱ्यांचं आणि वाचणाऱ्यांचं संमेलन भरायचं, त्याला दोघी न चुकता जायच्या. दोन दिवस हॉटेलात राहायचं, आवडत्या लेखिकांच्या सह्या घ्यायच्या, चहाच्या टेबलाशी अनोळखी बायकांशी वाद घालायचे. तिथे रेल्वेतून निवृत्त झालेले एक इंजिन ड्रायव्हर हमखास भेटत. बायकांच्या त्या गर्दीत ते एकटेच पुरुष, पण कुठल्या कादंबरीत नायक कधी माफी मागतो हे त्यांना तोंडपाठ.

त्या वर्षी मात्र वहिनी वाचक म्हणून चालली नव्हती. तिची पहिली कादंबरी छापून आली होती आणि संमेलनात तिला त्यातला भाग वाचायचा होता. ठकीला कोण अभिमान. तिनं वहिनीसाठी फिकट हिरवा कोट शिवला, अस्तर रेशमी लावलं. पुस्तक तेवढं तिला अजून बघायला मिळालं नव्हतं.

"घरच्याच माणसाला लपवतेस होय?" ती म्हणाली.

"तिथेच ऐक ना. नव्यानं ऐकशील," वहिनी म्हणाली आणि बॅग भरायला लागली.

सभागृह हॉटेलच्या तळघरात होतं. ठकी पहिल्याच रांगेत बसली. वहिनीनं पहिलं प्रकरण काढून ठेवलं होतं, पण सूत्रसंचालन करणाऱ्या बाईंनी माइक घेतला. "पहिलं प्रकरण सगळेच वाचतात. मला रात्री झोपू दिलं नाही ते दाराचं प्रकरण वाचा. आमचा आग्रह आहे." लोकांनी टाळ्या वाजवल्या. वहिनी पाणी प्यायली, तिनं पानं उलटली, एकदा ठकीकडे पाहिलं आणि वाचायला सुरुवात केली.

गोष्टीतली मुलगी पडदे शिवणारी होती. ठकीला गंमत वाटली. आपल्यावरूनच घेतलंय म्हणायचं. मुलीचं दुकानातल्या फिटरवर मन बसलं होतं हे ऐकलं, तेव्हा ठकी जरा अवघडली. तो फिटर तिच्या आयुष्यात खरोखरच होऊन गेला होता. पडद्यांचे रॉड बसवायला यायचा. मालकाशी खटका उडाला आणि 'दुसरीकडे काम लागलं की तुला मागणी घालायला येतो' म्हणून गेला, तो परत आलाच नाही. ही गोष्ट तिनं फक्त वहिनीला सांगितली होती, आणि तिच्याच खांद्यावर डोकं ठेवून रडली होती. लिहिलं तर लिहिलं, ती मनाशी म्हणाली. घरचीच तर आहे.

वहिनी वाचत होती. आई दवाखान्यात, मुलगी आईजवळ. घरात भावजय एकटी, कडेवर तान्हं मूल. दार वाजतं. दारात फिटर. भावजय साखळी न काढता फटीतून सांगते, तिचं लग्न ठरलंय. तो पाणी मागतो, उभ्या उभ्याच पितो. पेला परत देताना दारालगतच्या खिडकीतल्या पडद्याचा काठ बोटांनी चाचपतो आणि म्हणतो, 'अजून उलटीकडूनच शिवते.'

ठकीचे हात मांडीवर होते तिथेच राहिले.

ती डावखुरी होती. काठ डावीकडून उजवीकडे शिवत जायची, आणि फिटर तिला तेवढ्यावरून चिडवायचा. ते बोलणं तिनं कुणालाच सांगितलं नव्हतं, वहिनीलाही नाही. सांगण्यासारखं त्यात काही वाटलंच नव्हतं. मग हे वाक्य वहिनीच्या कानावर पडलं कुठून? त्याच्या तोंडून पडलं असेल तरच.

मागच्या रांगेत कुणीतरी नाक ओढलं. वाचन संपलं, टाळ्या झाल्या. बाईंनी विचारलं, "कुणाला काही विचारायचंय?"

ठकी उभी राहिली. तिच्या हातात माइक आला. आवाज कसा निघेल याची तिलाच खात्री नव्हती, पण नेहमीसारखाच निघाला.

"त्या भावजयीनं खोटं का सांगितलं?"

वहिनीनं पुस्तक मिटलं. बाई मदतीला आल्या, "छान प्रश्न आहे. तिच्या मनात नेमकं काय होतं?"

"भीती," वहिनी म्हणाली.

"कशाची?"

"नणंद गेली की सासूचं दुखणं, मूल, घर, सगळं आपल्या एकटीवर पडेल याची. आणि..." ती थांबली. "तिला घरात दुसरं कुणी बोलायला नव्हतं."

"मग नंतर तरी सांगायचं."

"रोज सांगणार होती ती."

लोकांना ते उत्तर फार आवडलं. टाळ्या परत झाल्या. ठकीनं माइक दिला आणि खुर्च्यांच्या मधून वाट काढत बाहेर आली.

लिफ्टजवळ वहिनीनं तिला गाठलं. कोटाचं वरचं बटण उघडं होतं.

"तो आला होता," ठकी म्हणाली. हा प्रश्न नव्हताच.

"आला होता."

"मी तुझ्याच खांद्यावर रडले गं. आणि तू पाठ थोपटत होतीस."

"मला वाटलं, विसरशील. मग आई गेल्या, मग वाटलं आता सांगून काय उपयोग. पुस्तक लिहिलं तेव्हा म्हटलं, तू वाचशील आणि तुला कळेल. मला तोंडानं सांगावं लागणार नाही." वहिनी रडायला लागली. "शेवट वाच तू. शेवटी तो परत येतो. मी दोघांचं लग्न लावून दिलंय."

ठकी तिच्याकडे बघत राहिली. एवढी वर्षं जिच्या ताटाशी ताट लावून जेवलो, ती बाई आपल्याला कधी दिसलीच नाही असं तिला वाटलं. "मोठे उपकार झाले," ती म्हणाली आणि जिन्यानं वर गेली. बॅग घेऊन ती संध्याकाळच्या गाडीनं एकटीच निघाली.

घरी ती राहिली नाही. दुकानाच्या वरची खोली रिकामी होती, तिथे बिऱ्हाड हलवलं. भावाला यातलं काहीच माहीत नव्हतं. वहिनीनं त्याला सगळं सांगितलं तेव्हा तो पडेल चेहऱ्यानं दुकानात आला.

"ठके, घरी चल. ती जेवत नाहीये."

"तू जेवायला लाव तिला, दादा. माझा राग तुझ्यावर नाही."

"मग किती दिवस अशी राहणार?"

"ते मला तरी कुठे ठाऊक आहे?" ती म्हणाली आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

फिटरचा पत्ता काढायचं तिच्या मनात आलं. म्हाताऱ्या मालकाकडून कळलं की त्यानं दुसऱ्या गावी स्वतःचं दुकान टाकलं, बायको आहे, मुलं मोठी झाली. एका रविवारी ती बसस्थानकापर्यंत गेलीसुद्धा. दार त्याच्या बायकोनं उघडलं तर काय सांगायचं, हे काही केल्या सुचेना. घोटभर पाणी पिऊन ती माघारी फिरली. सर्वांत जास्त हेच सलायचं की इतकी वर्षं ती त्याला मनातल्या मनात लबाड म्हणत आली होती. तो शब्द आता परत घ्यायचा कुणासमोर?

वाचायची सवय मात्र सुटली नाही. मोठ्यानं वाचणारं कुणी नव्हतं, म्हणून काम संपल्यावर चष्मा लावून ती स्वतःच वाचायची. वहिनीचं पुस्तकही तिनं विकत आणलं. दाराच्या प्रकरणापाशी पोचली की मिटून ठेवायची.

पुढच्या वर्षी ती संमेलनाला गेली. माझी जागा मी का सोडू, असं तिनं ठरवलं होतं. वहिनी व्यासपीठावर होती, तिच्या कादंबरीची दुसरी आवृत्ती निघाली होती. चहाच्या सुट्टीत वहिनीनं लांबूनच शेजारच्या खुर्चीवर पर्स ठेवून जागा धरली आणि तिच्याकडे बघितलं. ठकीनं मान हलवून ओळख दिली, आणि कप घेऊन इंजिन ड्रायव्हरांच्या टेबलाशी जाऊन बसली.

"तुमच्या वहिनींचं पुस्तक वाचलंत का?" त्यांनी विचारलं.

"निम्मं."

"पुरं करा हो. शेवट फार गोड आहे."

"असेल," ठकी म्हणाली आणि त्यांच्याकडची साखर मागून घेतली.