फेट्याआडचा पडदा

परवा नगरच्या चित्रपटगृहात पुढच्या खुर्चीतल्या तरुणाने मोबाईल उंच धरून पडद्याचे चित्रण सुरू केले. शेजारी माझी पत्नी मान वाकडी करून पाहू लागली. पॉपकॉर्नच्या खरपूस वासात मला लहानपणचा शेवगावच्या तंबूतला सिनेमा आणि भाजलेल्या शेंगा आठवल्या.

तिथे आई, वडील आणि मी जमिनीवर पोते अंथरून बसलो होतो. आईचा तो पहिलाच चित्रपट. नेमका पुढे एक गृहस्थ भलामोठा फेटा बांधून बसला. फेटा उतरवायला सांगणे म्हणजे माणसाची मानहानी, म्हणून वडील गप्प राहिले. आई मात्र पुढे वाकून म्हणाली, "दादा, फेटा लई झ्याक हाय तुमचा. पर आमी पिक्चर बघाया आलोय."

आसपास हशा पिकला. "व्हय की, ताई!" म्हणत त्याने आपणहून फेटा उतरवून मांडीवर घेतला.

वडिलांचे ते मौन मी आयुष्यभर सौजन्य समजून जपले. परवा मात्र त्यातला भित्रेपणा मला दिसला. मी पुढे वाकलो. "बाळा, मोबाईल छान आहे तुझा, पण आम्ही पिक्चर बघायला आलोय."

ओशाळून हसत त्याने मोबाईल खिशात ठेवला. पत्नी सरळ होऊन बसली, आणि शेंगा सोलायचे विसरून पडद्याकडे एकटक पाहणारी आई मला पुन्हा दिसली.