मायच्या हातावरचं नाव

आधीच सांगते — भानामती, अंगात येणं, यातलं मला काहीही पटत नाही. आर्णीत माझं ब्युटी पार्लर आहे, रोजचं काम कातडीशीच. कातडीवर काय राहतं आणि काय जातं, हे मला कोणी शिकवू नये... असं वाटायचं.

मायच्या डाव्या हातावर गजकर्ण होतं. मलमं झाली, गोळ्या झाल्या, खाज काही जाईना. त्याच हातावर एक नाव गोंदलेलं — किसन. माझा मोठा भाऊ, लहानपणीच तापानं गेला. मेल्यावर अंगावरचे दागिने काढून घेतात, गोंदण तेवढं सोबत येतं, त्यावरून किसन आपल्याला ओळखेल, असा मायचा पक्का विश्वास. माझं नाव तिनं कधी गोंदलं नाही. मी जिवंत आहे ना, मला कशाला ओळखायचं!

पांढरकवड्याच्या पुढे हायवे सोडून जंगलात शिरलं की डोंगराच्या पोटाशी गरम पाण्याचं कुंड आहे. पाण्यात गंधक असतं, कातडीला चांगलं — त्यात चमत्कार कसला? म्हणून मीच मायला घेऊन गेले. शेवटचा चढ पायी. भर दुपारी कुंडाजवळ फक्त एक म्हातारी कोलाम आदिवासी बाई बसलेली. माय दोन्ही हात बुडवून बराच वेळ बसली. खाज थांबली तशी लहान पोरीसारखी हसली.

निघताना म्हातारी म्हणाली, "आपलं काही ठेवून जा वं बाई. हे पाणी फुकट देत नाही."

मायनं लगेच बोटातलं चांदीचं वेढं काढलं. मी तिचा हात धरला.

"कायले फेकून राह्यली? पाणी काय वेढं घालून मिरवन?"

वेढं परत मायच्या बोटात घातलं आणि आम्ही निघालो.

आठवड्याभरात गजकर्ण साफ गेलं. आणि किसनही गेला. त्याच हातावर गोंदलेली तुळस जशीच्या तशी, दुसऱ्या हातावरचा विंचू जसाच्या तसा. फक्त नावाच्या जागी कोरी कातडी, तान्ह्या बाळाची असते तशी. डॉक्टर म्हणाले, गोंदण असं जात नसतं, ते आधी नसेलच. माय दवाखान्यातच रडायला लागली.

वेढं घेऊन आम्ही परत गेलो, कुंडात टाकलं. काहीच झालं नाही. मग बाजारात मशीननं गोंदणाऱ्या बाईकडून पुन्हा नाव काढून घेतलं. खपली पडली की हात कोरा. परत काढलं, परत कोरा.

"आता तो मले कसा वळखन वं?" माय म्हणाली. मग माझ्याकडे वळून — "तुलेच तो नको होता."

फार लागलं मला ते. त्या रागातच गोंदणारीला म्हटलं, "तुह्यी शाईच खराब असन. माह्यं नाव काढून पाह्य. सुनीता." शाई तपासायला म्हणून मायनं हात पुढे केला.

खपली पडली, आणि खाली माझं नाव. काळंभोर, ठसठशीत.

असं का झालं, मला सांगता येत नाही. कोणाला येत असेल तर खरंच सांगा... या हिवाळ्यात खाज परत आली आहे, नेमकी त्या नावावर. मी रोज मलम लावते. माय माझ्याकडे बघत खाजवते, रक्त निघेपर्यंत. माझं नाव काही जात नाही.