पंचवीस प्रश्नांची शिकवणी

कोपऱ्यावरच्या दुकानाच्या फळ्यावर बाईंनी इंग्रजीच्या शिकवणीची जाहिरात लावली होती आणि खाली फोन नंबराच्या दहा चिठ्ठ्या कातरून ठेवल्या होत्या, ज्याला हवी त्यानं एक फाडून न्यावी. पहिल्या आठवड्यात एकच चिठ्ठी गेली, आणि तीही बाईंनी स्वतः फाडलेली. कुणीच हात लावला नाही असं दिसलं तर दुसरा कशाला लावेल? चिठ्ठी पर्समध्ये कोंबून, इकडेतिकडे बघत, चोरी केल्यासारख्या त्या लगबगीनं घरी आल्या.

सोळा वर्षं त्यांना कुणी 'बाई'शिवाय दुसरी हाकच मारली नव्हती. गावाकडच्या मराठी शाळेत त्या पाचवी ते सातवीला इंग्रजी शिकवायच्या. मग नवऱ्याला परदेशात कारखान्यात काम मिळालं, खरं म्हणजे वन्संनी, नवऱ्याच्या थोरल्या बहिणीनं, मिळवून दिलं, आणि बाई नोकरी सोडून मागोमाग आल्या. आल्यावर दोन गोष्टी कळल्या. इथली भाषा आपल्याला येत नाही, आणि इंग्रजी इथल्या बहुतेकांना येत नाही. पहिल्या गोष्टीनं त्यांची झोप उडाली. दुसरीनं जरा धीर आला.

वन्संना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. त्या एका गोदामात पॅकिंगच्या पाळीवर मुकादम होत्या आणि भावजयीसाठी त्यांनी तिथे जागा धरून ठेवली होती. महिन्याच्या शेवटच्या सोमवारी नवी माणसं घेणार, त्याआधीच्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत नाव द्यायचं. "परक्या मुलखात येऊन परक्यांना तिसऱ्याचीच भाषा शिकवणार म्हणे," असं त्या भावाला फोनवर म्हणाल्या. फोन स्पीकरवर आहे हे माहीत असूनच म्हणाल्या. बाईंनी नवऱ्याला कबूल केलं होतं की तोपर्यंत शिकवणीचं काही जमलं नाही तर मुकाट्यानं गोदामात जाईन.

आणि दुसऱ्या आठवड्यात फोन वाजला.

फोन करणारी बाई एका पार्लरमध्ये केस कापायची. उंच, दणकट, पंचेचाळिशीची, बाह्या कायम कोपरापर्यंत वर सरलेल्या. नवरा-बायकोच्या बोलण्यात ती पहिल्या दिवसापासून 'पार्लरवाली' झाली. विमानतळावरच्या मोठ्या सलॉनमध्ये तिला जागा हवी होती. तिथे देशोदेशीची गिऱ्हाइकं, म्हणून मुलाखत इंग्रजीतून. मुलाखतीला अठरा दिवस होते, तीही नेमकी त्याच शुक्रवारी, सकाळी दहाला. पार्लरवालीकडे दीडदोनशे इंग्रजी शब्द होते आणि ते ती एकेक करून, हातवाऱ्यांच्या मदतीनं वापरायची.

पहिल्या तासाच्या आधी बाई तीनदा स्वच्छतागृहात जाऊन आल्या. पलंग आणि खिडकीच्या मध्ये घडीचं टेबल मांडलं होतं. त्याचा एक पाय आखूड, त्याखाली पुठ्ठा. नवा खडू नव्हता, फळा नव्हता, समोर पन्नास डोकी नव्हती. एकच होतं, आणि ते बाईंपेक्षा वयानं मोठं होतं. बसून शिकवायची सवयच नाही, म्हणून बाई उभ्या राहिल्या. मागच्या बाकापर्यंत पोचायला हवा तसा आवाज लावला. पार्लरवालीनं दोन मिनिटं ऐकलं, मग कानाकडे बोट दाखवून म्हणाली, "टीचर, माझे कान चांगले आहेत."

बाई खाली बसल्या.

पण मुलाखतीची तयारी म्हटल्यावर त्यांना आपली वाट सापडली. शाळेत तपासणीला साहेब यायचे तेव्हा बाईंचा वर्ग सगळ्यांत पुढे असायचा. महिनाभर आधी प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहायची, वहीत उतरवून घ्यायची, रोज घोकून घ्यायची. साहेब आले की तीच यादी त्यांच्या टेबलावर, चहाच्या कपाशेजारी. साहेब यादीतलं वाचत, मुलं धडाधडा उत्तरं देत, साहेब मान डोलावत आणि सही ठोकत. तसं एक शाबासकीचं पत्रही बाईंच्या सामानात इथवर आलं होतं.

तर त्यांनी सुवाच्य अक्षरात पंचवीस प्रश्न आणि पंचवीस उत्तरं लिहून दिली. पार्लरवालीनं वही छातीशी धरली. दर तासाला बाई एकपासून सुरू करून पंचविसाव्यावर थांबायच्या. दुसऱ्या आठवड्यात ती एकदाही न अडखळता शेवटपर्यंत गेली, आणि बाईंना इतक्या दिवसांत प्रथमच जेवण गोड लागलं.

मुलाखतीच्या आधीच्या मंगळवारी नवरा पहिल्या पाळीवरून आला आणि ओट्याशी चहा टाकत होता. इकडे तास चालू होता. वहीची दोन पानं एकमेकांना चिकटली आणि बाईंच्या हातून दोन प्रश्न गळले. त्यांच्या लक्षात आलं नाही. त्यांनी पुढचा विचारला, "तुमचा सर्वांत मोठा दोष कोणता?"

"मी विवाहित आहे," पार्लरवाली छान उच्चारात म्हणाली. "मला दोन मुली आहेत."

ओट्यापाशी नवऱ्याला ठसका लागला.

बाईंनी वही पाहिली. चूक आपली आहे असं समजून घाईघाईनं पुढचा प्रश्न विचारला: इथे काम करावंसं का वाटतं? उत्तर आलं, मला बागकामाची आवड आहे. त्या पुढच्याला उत्तर आलं, माझा दोष हा की मी फार कष्ट करते. गाडी आपल्या रुळावरून बिनचूक धावत होती, फक्त स्टेशनं मागे राहिली होती. बाईंनी वही मिटली. मधलाच एक प्रश्न, अगदी साधा, किती वर्षं काम करता हा, विचारला. पार्लरवालीनं डोळे मिटले, ओठांतल्या ओठांत पहिल्यापासून पुटपुटत आली, सातव्याला पोचली आणि मग खुशीत म्हणाली, "बावीस वर्षं."

ती गेल्यावर नवरा हसत आत आला आणि बायकोचा चेहरा बघून त्यानं हसू आवरलं. इथे साहेबांच्या टेबलावर यादी कोण ठेवणार होतं?

"सांगून टाक तिला," तो म्हणाला.

"काय सांगू? पंधरा दिवस भलतंच शिकवलं म्हणून? उद्यापासून यायची नाही ती."

"आणि नाही सांगितलंस तर?"

कदाचित क्रमानंच विचारतील, असं बाईंच्या मनात येत होतं, आणि ते मनात येतंय याचीच त्यांना लाज वाटत होती. त्या सबंध संध्याकाळी त्यांनी एकच ताट दोनदा घासलं.

बुधवारी दुपारी त्या पार्लरमध्ये गेल्या. तीन खुर्च्यांचं अरुंद दुकान, ओल्या टॉवेलांचा आणि तापलेल्या ड्रायरचा वास. पार्लरवाली शेवटच्या खुर्चीशी होती. आरशाच्या कडेला बाईंच्या अक्षरातली पंचवीस उत्तरं चिकटवलेली. तिनं हातानंच खूण केली, बसा, हे आटोपते.

खुर्चीत एक परदेशी पाहुणा होता, त्यालाही इथली भाषा येत नसावी. बाई बाकावर बसून मनातल्या मनात वाक्यं जुळवत होत्या, तरी कान तिकडे गेलेच. पार्लरवाली त्याच्याशी इंग्रजीत बोलत होती. पाणी गरम? मान दुखते? इथे छोटे, वर नाही छोटे. मागच्या वेळी कोणी कापले? वाईट कापले. तो हसला, काहीतरी म्हणाला, तिला कळलं नाही, तिनं परत विचारलं, मग कळलं, मग तीही हसली. व्याकरणाचा पत्ता नव्हता. पण एकही उत्तर चुकीच्या प्रश्नाला गेलं नाही.

गिऱ्हाईक उठल्यावर बाईंनी सगळं सांगितलं, उभ्यानंच. मी तुम्हाला चुकीच्या पद्धतीनं शिकवलं. मला हेच येत होतं. हे कागद काढून टाका.

पार्लरवालीनं कैची पुसली. बराच वेळ पुसली.

"मी डोकी धुताना पाठ केलं," ती म्हणाली. "सकाळी पाचला पाठ केलं. माझ्या दोन्ही मुलींना माझी उत्तरं पाठ झाली. आणि टीचर आता सांगते, काढा?"

"हो."

"परवा मुलाखत आहे."

"हो," बाई पुन्हा म्हणाल्या. "उद्या तुमचं सामान घेऊन या. कैची, कंगवा, सगळं. प्रश्न मी विचारणार नाही, तुम्ही विचारायचे. माझ्या नवऱ्याचे केस कापायचे."

पार्लरवाली पुढच्या गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधायला वळली.

नवऱ्याला हे घरी कळलं तेव्हा त्यानं डोक्यावरून हात फिरवला. मधे मैदान होतं आणि कडेनं कुंपण. "अगं, उरलेत ते मी नावानिशी ओळखतो," तो म्हणाला. "त्यातले परीक्षेला किती बसवणार?" बाईंना हसू आलं नाही. ती येईल का, एवढंच त्यांच्या डोक्यात होतं.

गुरुवारी चारला घंटी वाजली नाही. सव्वाचारला वाजली. पार्लरवाली दारात होती, चेहरा तसाच आंबट, पण हातात सामानाची पेटी.

नवऱ्याला खिडकीशी बसवलं, खाली वर्तमानपत्र पसरलं. बाईंनी त्याला आधीच पढवून ठेवलं होतं की इंग्रजीतच बोला आणि कटकट्या गिऱ्हाइकासारखं वागा. ते त्याला फार शिकवावं लागलं नाही. पाणी गार आहे. विमान सुटायला वीस मिनिटं आहेत. तुम्ही किती वर्षं हे काम करता? पार्लरवालीचे डोळे आपोआप मिटायला लागले, तशी बाईंनी तिच्या खांद्यावर टिचकी मारली, कैची थांबवायची नाही. "बावीस," ती कापता कापता म्हणाली. मग स्वतःहून पुढे, "पहिलं डोकं आईचं. आई खूप रडली." नवरा विसरूनच गेला की आपण गिऱ्हाईक आहोत. का रडली, म्हणून त्यानं विचारलं, आणि ती अडत, शब्द शोधत, कैचीनं हवेत आकार काढत सांगत गेली. बाई पलंगाच्या कडेवर बसून होत्या. चूक दिसली की तोंडाशी आलेली दुरुस्ती गिळायच्या. सोळा वर्षांत त्यांना इतकं अवघड काही गेलं नव्हतं.

शुक्रवारी दहा वाजले. अकरा वाजले. बाईंनी कपाट आवरलं, मग आवरलेलं काढून पुन्हा आवरलं. दुपारी वन्संचा फोन आला: साहेब नावं मागतोय, तुझं टाकते. बाई म्हणाल्या, सहापर्यंत वेळ आहे ना. वन्सं म्हणाल्या, घड्याळ लावून बस मग.

चार वाजले. पाच वाजले. नवरा पाळीवरून आला, बायकोकडे बघून चपला न वाजवता आत गेला. त्याच्या कानावरचे केस एका बाजूला जरा जास्तच वर गेले होते, पण त्यानं आरशात बघणं सोडून दिलं होतं.

साडेपाचला पार्लरवाली स्वतः आली. जिना चढून धापा टाकत खुर्चीत बसली. बाईंना विचारायचा धीर होईना. तीच सांगू लागली. तीन माणसं होती. दोघांचं बोलणं कळलं, तिसरा तोंडातल्या तोंडात बोलत होता. त्याला तीनदा परत विचारलं, तो वैतागला. मग एका मुलीचे केस दिले कापायला.

"आणि?"

"मंगळवारी सांगणार."

बाईंच्या हातात काहीच आलं नव्हतं. धड होकार नाही, धड नकारही नाही. त्या पदराच्या टोकाशी चाळा करत राहिल्या.

"तिसरा माणूस," पार्लरवाली म्हणाली, "तसली माणसं खूप असतील ना तिथे? किंवा कुठेही? मला तसल्यांचं बोलणं कळायला हवं." तिनं बाह्या आणखी वर सारल्या. "सोमवारी चारला येऊ?"

सहाला दहा कमी असताना बाईंनी फोन लावला. वन्संनी पहिल्याच घंटीला उचलला.

"वन्सं, माझं नाव देऊ नका. सोमवारी माझा तास आहे."

"एक तास? आठवड्याचे बाकीचे काय करणार, माशा मारणार?"

"माहीत नाही," बाई म्हणाल्या.

पलीकडे गोदामाची यंत्रं घरघरत होती. वन्संनी एक सुस्कारा सोडला. मग म्हणाल्या की पुढच्या महिन्यात अशी जागा निघेलच असं नाही, नंतर माझ्यापाशी येऊन रडायचं नाही, आणि आता ठेवते, पाळी सुटायची वेळ झाली.

बाईंनी फोन खाली ठेवला. सोमवारच्या तासाला काय शिकवायचं याची त्यांना काडीचीही कल्पना नव्हती. त्यांनी नवऱ्याला हाक मारली आणि म्हणाल्या, "अहो, जरा तोंडातल्या तोंडात इंग्रजी बोलून दाखवा बघू."