दारावरच्या भाताचे पाच कोंब

दादाचा फोन आला तेव्हा मी अंधेरीच्या लॅबमध्ये रक्ताच्या ट्यूबवर लेबलं चिकटवत होते. कामाच्या वेळी फोन घ्यायचा नाही असा नियम आहे. पण गावाहून थोरला भाऊ भरदुपारी फोन करतो म्हणजे काहीतरी झालंय, म्हणून घेतला.

"तुझ्या दारार नवा आसा काय गो?" त्याने विचारलं.

दसऱ्याला नव्या भाताच्या लोंब्या आंब्याच्या पानांत बांधून आम्ही दारावर लावतो, त्याला नवं म्हणतात. गेल्या दसऱ्याला मला गावी जाणं जमलं नव्हतं, म्हणून त्याच्या आदल्या वर्षीचंच अजून दारावर असेल असं मला वाटलं.

गावी खाडीचा बांध फुटला होता. खारं पाणी शेतात शिरलं आणि दादाने पेरलेल्या संकरित भाताची रोपं करपून गेली. त्या खाऱ्या मातीत आमचं जुनं तांबडं भातच तग धरायचं. पण पीक कमी येतं म्हणून दादाने गेल्या वर्षीपासून ते लावणं सोडलं होतं. राखून ठेवलेलं बी उंदरांनी संपवलं. आता त्याने सगळी वाडी पालथी घातली होती. कुणाकडेच एक दाणा नव्हता, उरल्या होत्या त्या माझ्या दारावरच्या जुन्या लोंब्या.

"मग पाठवू काय?"

"पाठव नको. आधी रुजता काय बघ."

त्या दिवशी माझं कामात लक्ष लागलं नाही. एका ट्यूबवर दुसऱ्याच माणसाचं लेबल लावणार होते, शेजारच्या टेबलावरच्या बाईने हात धरला. वाकोल्याला घरी आले आणि चप्पल न काढताच स्टुलावर चढले. दारावर काही नव्हतं. रंगकाम झालं तेव्हा नवऱ्याने ते काढून पिशवीत घालून माळ्यावर टाकलं होतं. पिशवी उघडली तर सोंडे वळवळत होते. दाणे निवडले, ऐंशीच्या आसपास धड निघाले.

वरच्या मजल्यावरची माझी मैत्रीण जालन्याकडची, शाळेत शिकवते. तिचे वडील पेरणीआधी ज्वारीचं बी ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासायचे. तिनेच दाणे भिजवले, गोणपाटात बांधले आणि मला बजावलं, "हे बघ, सारखं उघडून बघायचं नाही."

मी बघायचे. कामावर जाताना, आल्यावर, कुकर लावताना. चौथ्या दिवशीही काही नाही. माझीच चूक वाटत राहिली. रंगकामाच्या वेळी मी घरात होते, पिशवीचं तोंड तरी नीट बांधायचं!

"वाट लागली गं," मी तिला म्हटलं.

"अगं, म्हातारं बी आहे. वेळ दे ना त्याला."

सहाव्या दिवशी दोन कोंब दिसले. आठव्यापर्यंत पाच झाले. बाकीचे दाणे कुजले.

गच्चीवर रंगाच्या रिकाम्या बादल्यांत आम्ही ते पाच कोंब लावले. सोसायटीचे सेक्रेटरी आले आणि पाण्यात डास होतील म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं. मैत्रिणीने बादल्यांवर मच्छरदाणी शिवून घातली, पुढे चिमण्यांपासूनही तीच उपयोगी पडली. एक रोप पिवळं पडून गेलं. उरलेल्या चारांसाठी मी दिवसातून दोनदा चार मजले चढायचे. नवरा म्हणाला, "पोरांच्या परीक्षेलाही एवढी घाबरली नव्हतीस."

लोंब्या पिकल्या तेव्हा दादा स्वतः आला. एक दाणा नखाने सोलला, आतला तांबडा तांदूळ तळहातावर धरला. मग म्हणाला, "ह्याच ता."

त्याला सगळं बी घेऊन जायचं होतं. मी अर्धंच दिलं. उरलेलं मला बियाणं जपणाऱ्या एका संस्थेत ठेवायचं होतं.

"आपला बी लोकांच्या फ्रीजात कित्याक?" तो भडकला.

"तुझ्याकडचं उंदरांनी खाल्लं आणि माझ्याकडचं सोंड्यांनी," मी म्हटलं. "परत असं झालं तर कोणाच्या दारावर शोधशील?"

तो जेवला नाही धड. निघताना मात्र त्याचा हिस्सा रुमालात बांधून शर्टाच्या आत ठेवला. माझा हिस्सा मी दुसऱ्याच दिवशी संस्थेत नेऊन दिला. तिथल्या मुलीने भाताचं नाव विचारलं. आम्ही त्याला नुसतं तांबडं भातच म्हणायचो. तिने तसंच लिहिलं, पुढे गावाचं नाव घातलं.

यंदा दादाने डागडुजी केलेल्या बांधालगतच्या एका वाफ्यात ते लावलंय, बाकी सगळीकडे संकरितच. मला राग येतो, पण घर त्याला चालवायचंय. मी फोन करकरून विचारते, पाणी किती आहे, पान पिवळं तर नाही ना. काल तो वैतागून म्हणाला, "भात आसा गो ता, तुझो पेशंट न्हय." फोन ठेवला आणि लगेच वाटलं, बांध नीट धरून आहे ना, ते विचारायचं राहूनच गेलं.